विश्लेषण : एक ‘एस’, तीन कामे! इंग्रजीतल्या ‘वरच्या कॉमा’ने मुले का अडखळतात आणि ते शिकवायचे कसे?

५ सप्टेंबरला सकाळी मोबाइल उघडला की शिक्षक दिनाच्या शुभेच्छांचा पाऊस पडलेला असतो. त्यातल्या इंग्रजी शुभेच्छा जरा नीट पाहिल्या तर एक गंमत दिसते. ‘टीचर्स डे’ हे दोनच शब्द, पण लिहायच्या पद्धती तीन. कुणी ‘एस’च्या आधी वरचा कॉमा देतो, कुणी ‘एस’च्या नंतर, तर कुणी देतच नाही. शाळेच्या फलकावर एक, केकवर दुसरे आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर तिसरे.

वाचताना तिन्हींचा उच्चार सारखाच. अर्थ मात्र वेगळा. एका रूपात दिवस एकाच शिक्षकाचा होतो, दुसऱ्यात सगळ्या शिक्षकांचा, आणि तिसऱ्यात ते नुसते ‘शिक्षक’ असे अनेकवचन राहते.

हा वरचा कॉमा म्हणजे अपॉस्ट्रॉफी. पाचवीच्या वहीपासून नोकरीच्या अर्जापर्यंत तो पाठ सोडत नाही. मराठी माध्यमातली मुले इथे चुकली की ‘इंग्रजी कच्चे आहे’ असा शिक्का बसतो. खरे कारण वेगळेच आहे. ते समजले तर शिकवणे आणि शिकणे, दोन्ही बरेच सोपे होते.

(वाचकांसाठी सूचना : चिन्ह नेमके कुठे येते हे दिसावे म्हणून या लेखातील उदाहरणांत शब्दाच्या शेवटचे ‘एस’ हे अक्षर उच्चार काहीही असला तरी “स” असे लिहिले आहे. म्हणजे “बॉयस”, “बॉय’स” आणि “बॉयस’”.)

नेमका गोंधळ काय आहे?

इंग्रजीत शब्दाच्या शेवटी येणारा ‘एस’ एकच काम करत नाही.

पहिले काम अनेकवचनाचे. “बॉय” म्हणजे एक मुलगा, “बॉयस” म्हणजे अनेक मुलगे. इथे वरच्या कॉमाचा काहीही संबंध नाही.

दुसरे काम मालकी दाखवण्याचे. “बॉय’स बॅग” म्हणजे मुलाची बॅग. मुलगे अनेक असतील तर “बॉयस’”, म्हणजे मुलांची.

तिसरे काम दोन शब्द जोडून छोटे करण्याचे. “द बॉय इज हिअर” हे बोलताना “द बॉय’स हिअर” होते. इथला “’स” म्हणजे ‘आहे’. मालकीशी त्याचा संबंध नाही.

त्यात भर म्हणून चौथा ‘एस’ही आहे. “ही रन्स” यातला, म्हणजे वर्तमानकाळात तो, ती, ते यांच्या क्रियापदाला लागणारा. त्यालाही वरचा कॉमा नसतो.

थोडक्यात, कानाला सगळे ‘एस’ सारखे ऐकू येतात. फरक फक्त कागदावर दिसतो. श्रुतलेखन घेतले, दहा वेळा मोठ्याने वाचून घेतले, तरी या बाबतीत कान मदत करत नाही. इथे वाक्याचा अर्थच पाहावा लागतो.

मराठी मुलांना हे जास्त अवघड का जाते?

मराठीत ही तीन कामे तीन वेगळ्या मार्गांनी होतात.

अनेकवचनासाठी मराठीत एक ठरलेले अक्षर नाही. मुलगा-मुलगे, घर-घरे, नदी-नद्या, माळ-माळा. लाडू तर एक असो वा दहा, लाडूच.

मालकीसाठी षष्ठी विभक्ती आहे : चा, ची, चे. हा प्रत्यय स्पष्ट ऐकू येतो. अनेकवचनाशी त्याची गल्लत होण्याचा प्रश्नच येत नाही.

छोटी रूपे मराठी बोलण्यातही भरपूर आहेत. ‘आलो आहे’चे ‘आलोय’, ‘झालं आहे’चे ‘झालंय’, ‘करतो आहे’चे ‘करतोय’. पण ती लिहिताना आपण कुठलेही चिन्ह देत नाही.

म्हणजे घरी तीन वेगळ्या वाटा चालणाऱ्या मुलाला शाळेत सांगितले जाते की इंग्रजीत या तिन्ही वाटा एकाच ‘एस’वर येऊन मिळतात आणि त्या एका टिंबाएवढ्या चिन्हाने ओळखायच्या. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. पण त्या मुलाने घरी आधीच पक्के केलेले मराठी व्याकरण या ठिकाणी वापरून घेतले जात नाही.

हे चिन्ह आले कुठून?

अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचच्या वाटेने आली. तेव्हा तिचे काम एकच होते : ‘इथे अक्षर गळले आहे’ हे दाखवणे.

संस्कृत शिकणाऱ्या मुलांना हे लगेच कळते. ‘सः’ आणि ‘अहम्’ जोडले की ‘सोऽहम्’ होते. मधला ‘ऽ’ म्हणजे अवग्रह. ‘अ’ इथे होता, आता लोपला, एवढेच तो सांगतो. “डू नॉट”चे “डोन’ट” होते तेव्हा वरचा कॉमा हेच सांगतो. ‘नॉट’मधला ‘ओ’ गळला, त्याच्या जागी चिन्ह बसले.

मग मालकीसाठी हे चिन्ह कसे आले? जुन्या इंग्रजीत अनेक नामांच्या षष्ठीला ‘ई-एस’ असा प्रत्यय लागत असे. पुढे त्यातल्या ‘ई’चा उच्चार गेला आणि गळलेल्या अक्षराच्या जागी वरचा कॉमा आला. म्हणजे मालकीचे चिन्हही मुळात लोपाचेच चिन्ह आहे.

एकवचनाच्या मालकीसाठी हा वापर सतराव्या-अठराव्या शतकात स्थिरावला. अनेकवचनी ‘एस’नंतर कॉमा देण्याची पद्धत रुळायला अठराव्या शतकाचा शेवट उजाडला. आज परीक्षेत ज्यासाठी गुण कापले जातात, तो नियम इंग्रजांनाही पक्का करायला दोनशेहून जास्त वर्षे लागली.

सगळ्यात जास्त चुकणारा शब्द कोणता?

“इटस” आणि “इट’स”.

मालकीला वरचा कॉमा येतो, हे मूल शिकते. मग ‘त्याचे शेपूट’ लिहिताना ते नियमाप्रमाणे “इट’स” लिहिते आणि चुकते. कारण इथे मालकीच्या रूपाला चिन्ह नाही. चिन्ह आहे ते “इट इज” किंवा “इट हॅज” याच्या छोट्या रूपाला. मुलाने नियम पाळला म्हणूनच चूक झाली, असा हा विचित्र प्रकार.

ही चूक करणारे मूल चांगल्या संगतीत आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेवर १७८७ मध्ये सह्या झाल्या. त्या मूळ हस्तलिखितात अनुच्छेद १ च्या कलम १० मध्ये तपासणी कायद्यांचा उल्लेख करताना मालकीच्या अर्थाने वरच्या कॉमासह “इट’स” लिहिले आहे. आजच्या नियमाने ती चूक ठरेल. त्या काळी मात्र तसे लिहिणे सर्रास चालत असे. आजचा भेद एकोणिसाव्या शतकात पक्का झाला.

मग आज नियम उलटा का? इथे मराठी कामी येते. मराठीत ‘मुलगा’चे ‘मुलाचा’ होते, पण ‘मी’चे ‘मीचा’ होत नाही. ‘माझा’ होते. ‘तू’चे ‘तूचा’ नाही, ‘तुझा’. सर्वनामांची मालकीची रूपे स्वतंत्र, तयार असतात. इंग्रजीतही तसेच आहे : “हिस”, “हर्स”, “अवर्स”, “युअर्स”, “देअर्स” आणि “इटस”. या पूर्ण कुटुंबात कुणाच्याही डोक्यावर वरचा कॉमा नाही. “हिस”मध्ये कॉमा घालायचे कुणाच्या मनातही येत नाही. “इटस” हा त्याचाच भाऊ.

एवढ्याशा चिन्हाने खरेच काही बिघडते का?

बहुतेक वेळा नाही. ‘हॅपी टीचर्स डे’ कसेही लिहिले तरी शिक्षकांपर्यंत भावना पोहोचते. पण काही वेळा फार महागात पडते.

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्समध्ये एका रिअल इस्टेट एजंटने २०२० मध्ये फेसबुकवर पोस्ट टाकली. दुसऱ्या एजंटने कर्मचाऱ्याच्या निवृत्ती निधीचे पैसे दिले नाहीत, असा आरोप त्यात होता. लिहिताना “एम्प्लॉईस” या शब्दात वरचा कॉमा राहिला. ‘मला एकाच कर्मचाऱ्याबद्दल म्हणायचे होते,’ असा त्याचा बचाव होता. पण चिन्ह नसल्याने ते अनेकवचन वाचले जाऊ शकते, म्हणजे सगळ्याच कर्मचाऱ्यांचे पैसे बुडवण्याची पद्धतच आहे असा अर्थ निघू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. २०२१ मध्ये बदनामीचा दावा फेटाळण्याची त्याची विनंती नाकारली गेली आणि खटला पुढे चालू राहिला.

ब्रिटनमध्ये नुसत्या ‘एस’ने एक कंपनी बुडाली. तिथे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘कंपनीज हाऊस’ या सरकारी कार्यालयाने २००९ मध्ये कार्डिफच्या ‘टेलर अँड सन्स’ या कंपनीपुढे ती दिवाळखोरीत निघाल्याची नोंद केली. प्रत्यक्षात दिवाळखोरीत गेली होती ‘टेलर अँड सन’ ही दुसरीच कंपनी. एका मुलाचे अनेक मुलगे झाले. चूक दुरुस्त होईपर्यंत पुरवठादार आणि ग्राहकांचा विश्वास उडाला होता. २०१५ मध्ये न्यायालयाने या नुकसानीसाठी कंपनीज हाऊसला जबाबदार धरले.

आपल्याकडेही रोजच्या कागदांत हा फरक असतोच. शाळेच्या फॉर्मवर “पेरेंट’स सिग्नेचर” असेल तर आई किंवा वडील, एकाची सही पुरते. “पेरेंटस’” असेल तर दोघांची सही हवी असा अर्थ निघतो. एकट्याने मूल वाढवणाऱ्या आईला तो फॉर्म हातात घेतल्यावर हा फरक छोटा वाटणार नाही.

मग वर्गात शिकवायचे कसे?

इंग्लंडचा राष्ट्रीय अभ्यासक्रम इथे मार्गदर्शक ठरू शकतो. तिथे हे सगळे एकदम शिकवत नाहीत. सहा-सात वर्षांच्या मुलांना, म्हणजे ‘इयर टू’मध्ये, छोटी रूपे आणि एकवचनाची मालकी शिकवली जाते. अनेकवचनाची मालकी, म्हणजे “बॉयस’” हा प्रकार, पुढच्या दोन वर्षांत येतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनाही टप्प्याटप्प्याने नेले जाते. आपल्याकडे मात्र अनेकदा एकाच तासाला फळ्यावर तीन रकाने आखून काम उरकले जाते.

मराठी मुलांसाठी चार पायऱ्या उपयोगी पडतात.

पहिली पायरी : उलगडून बघा. शब्द वाक्यात सोडवून लिहायचा. “इट’स रेनिंग” हे “इट इज रेनिंग” असे उलगडते, अर्थ लागतो, म्हणून कॉमा बरोबर. ‘कुत्र्याने इट इज शेपूट हलवले’ असे होत नाही, म्हणून तिथे कॉमा नको. हीच चाचणी “यू’र” म्हणजे ‘तू आहेस’ आणि “युअर” म्हणजे ‘तुझा’ यांनाही चालते. “हू’स” म्हणजे ‘कोण आहे’ आणि “हूज” म्हणजे ‘कोणाचा’ यांनाही. मुलांना आधी मराठीत ‘आलोय’ उलगडायला सांगितले, तर इंग्रजीतले उलगडणे खेळासारखे होते.

इथे एक खाचखळगा आहे. “वोन’ट” हे “विल नॉट”चे रूप. ते सरळ उलगडत नाही, कारण ते ‘विल’च्या ‘वोल’ अशा जुन्या रूपावरून आले. तो शब्द पाठच करावा लागतो.

दुसरी पायरी : ‘कोणाचा?’ असा प्रश्न विचारा. उत्तरात चा-ची-चे आले तर मालकी असण्याची शक्यता आहे. ‘बॅग कोणाची? मुलाची.’ म्हणून “बॉय’स बॅग”. ‘मैदानावर कोण? मुलगे.’ चा-ची-चे नाही, म्हणून “बॉयस”, कॉमा नाही.

पण ही चाचणी डोळे झाकून लावता येत नाही. मराठीचा ‘चा’ इंग्रजीच्या मालकीपेक्षा खूप जास्त कामे करतो. ‘लाकडाचे टेबल’, ‘पाण्याची बाटली’, ‘कॉलेजचा विद्यार्थी’ यांत चा-ची-चे आहे, पण इंग्रजीत तिथे वरचा कॉमा येत नाही. “वॉटर बॉटल” असे दोन शब्द शेजारी ठेवले की काम होते. म्हणून प्रश्न ‘कशाचा?’ नव्हे, ‘कोणाचा?’ असा विचारायचा. माणूस, प्राणी, संस्था मालक असतील तर बहुतेक वेळा उत्तर बरोबर येते.

तिसरी पायरी : एक की अनेक? अनुस्वार आठवा. “बॉय’स” आणि “बॉयस’” यातला फरक मुलांना सगळ्यात अवघड वाटतो. पण नेमका हाच फरक मराठी मुले रोज लिहितात. ‘मुलाचे पुस्तक’ आणि ‘मुलांचे पुस्तक’. शब्द तेच, प्रत्यय तोच, फक्त डोक्यावर एक टिंब. अनेकवचनी सामान्यरूपावर प्रत्यय लागताना अनुस्वार द्यायचा, हा मराठी शुद्धलेखनाचा नियम आहे. मराठीत टिंब जे काम करते, ते इंग्रजीत कॉमाची जागा करते.

रजेच्या अर्जाचे उदाहरण घ्या. ‘एका दिवसाची रजा’ म्हणजे “वन डे’स लीव्ह”. ‘तीन दिवसांची रजा’ म्हणजे “थ्री डेस’ लीव्ह”. मराठीत अनुस्वार आला की इंग्रजीत कॉमा ‘एस’च्या पलीकडे जातो.

इथेही एक सावधगिरी हवी. मराठीत आदरासाठीही अनेकवचन वापरतात. ‘सरांची खुर्ची’, ‘बाईंची पर्स’. अनुस्वार दिसला म्हणून मूल “सरस’ चेअर” लिहिते. इंग्रजीत हे आदरार्थी बहुवचन नाही. सर एकच असतील तर “सर’स”. शिक्षकांनी हा फरक स्वतःच्याच खुर्चीकडे बोट दाखवून समजावला तर तो कायमचा लक्षात राहतो.

चौथी पायरी : आधी मालक पूर्ण लिहा, मग कॉमा. या एका सवयीने अर्धे नियम पाठ करायची गरज उरत नाही. मालक कोण, ते आधी पूर्ण लिहायचे. लगेच वरचा कॉमा द्यायचा. त्यानंतर शब्दाच्या शेवटी ‘एस’ नसेल तर तो जोडायचा.

• मालक एक मुलगी : “गर्ल” लिहा, कॉमा द्या, ‘एस’ जोडा – “गर्ल’स”
• मालक अनेक मुली : “गर्लस” लिहा, कॉमा द्या, ‘एस’ आधीच आहे – “गर्लस’”
• मालक मुले : “चिल्ड्रेन” लिहा, कॉमा द्या, ‘एस’ जोडा – “चिल्ड्रेन’स”

म्हणूनच १४ नोव्हेंबरचा बालदिन “चिल्ड्रेन’स डे” होतो आणि ८ मार्चचा महिला दिन “वुमेन’स डे”. दोन्ही शब्द अनेकवचनीच आहेत, पण त्यांचे अनेकवचन ‘एस’ न लावता होते. शिक्षक दिन मात्र “टीचरस’ डे”, कारण तो सगळ्या शिक्षकांचा.

‘मदर्स डे’ची गोष्ट वेगळी आहे. हा दिवस सुरू व्हावा म्हणून अमेरिकेत झटणाऱ्या अ‍ॅना जार्व्हिस यांचा आग्रह होता की कॉमा ‘एस’च्या आधीच हवा. प्रत्येक घराने आपल्या एका आईचा सन्मान करावा, जगातल्या सगळ्या आयांचा एकत्रित नव्हे, हा त्यामागचा विचार. एका चिन्हात एवढा अर्थ मावतो, हे मुलांना सांगितले तर ते चिन्ह विसरत नाहीत.

शिकवताना कुठे चुकते?

पहिली चूक, “इटस” आणि “इट’स” एकाच दिवशी, एकाच फळ्यावर शिकवणे. सारख्या दिसणाऱ्या दोन नव्या गोष्टी एकदम समोर आल्या की डोक्यात त्यांची जोडी बसते, फरक बसत नाही. आधी छोटी रूपे पक्की करावीत. काही आठवड्यांनी “हिस” आणि “हर्स” यांच्यासोबत “इटस” आणावा.

दुसरी चूक, फक्त रिकाम्या जागा भरायला लावणे. पर्याय समोर असले की मूल अंदाजाने टिक करते. त्यापेक्षा मुलांनी स्वतः लिहिलेल्या निबंधातले सगळे ‘एस’ अधोरेखित करून प्रत्येकाचे काम शेजारी लिहावे : ‘अनेक’, ‘मालक’, ‘छोटे रूप’ किंवा ‘क्रियापद’.

तिसरी चूक सर्वात मोठी. वरच्या कॉमाचा धडा झाला की मुलांना वाटते, ‘एस’ दिसला की कॉमा द्यायचाच. मग “टोमॅटो’स”, “फोटो’स”, “मोबाइल’स” सुरू होते. दुकानांच्या पाट्यांवर हे सर्रास दिसते. इंग्लंडमध्येही दिसते. तिथे भाजीवाल्यांच्या पाट्यांवरून या चुकीला ‘ग्रीनग्रोसर्स अपॉस्ट्रॉफी’ असे नावच पडले आहे. म्हणून धड्याची सुरुवात ‘कॉमा कुठे द्यायचा नाही’ इथून झाली तर बरे. साधे अनेकवचन असेल तर कॉमा नाही. पीडीएफ, एटीएम यांच्या अनेकवचनालाही नाही.

मोबाइल सुधारून देतो, मग शिकायचे कशाला?

कीबोर्ड बऱ्याच चुका सुधारतो, हे खरे. “डोन्ट” कॉमाशिवाय टाइप केले तर तो कॉमा घालून देतो, कारण तसा दुसरा शब्दच नाही. पण कॉमा काढल्यावरही दुसरा खरा शब्द उरत असेल तर त्याला अंदाजच करावा लागतो. “आय’ल” म्हणजे ‘मी करीन’, कॉमा काढला तर ‘इल’ म्हणजे आजारी. “वी’ल”चा कॉमा गेला की ‘वेल’, म्हणजे बरा किंवा विहीर. “शी’ल”चा गेला की ‘शेल’, म्हणजे शिंपला. “इटस” आणि “इट’स” हे दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत, त्यामुळे तिथे कीबोर्ड अनेकदा चुकीचा कॉमाही चिकटवतो.

व्याकरण तपासणारी नवी साधने संदर्भ पाहून बरेचदा बरोबर उत्तर देतात. पण बोर्डाच्या परीक्षेत हाताने लिहावे लागते. आणि साधनाने सुचवलेला बदल बरोबर की चूक, हे ठरवायलाही नियम माहीत असावा लागतो.

नोकरीचा अर्ज लिहिणाऱ्यांसाठी एक सोपा उपाय आहे. औपचारिक पत्रात छोटी रूपे वापरूच नयेत, “इट इज” असे पूर्ण लिहावे. मग पूर्ण अर्जात “इट’स” येण्याचे कारणच उरत नाही. जिथे जिथे तो दिसेल तिथे कॉमा काढायचा किंवा शब्द उलगडायचा.

डिसूझा, डिमेलो यांचे काय?

गोवा आणि वसईत हे चिन्ह व्याकरणाच्या पुस्तकात नाही, थेट आडनावात आहे. डिसूझा, डिमेलो, डिकॉस्टा ही आडनावे इंग्रजीत लिहिताना अनेक घरांत ‘डी’नंतर वरचा कॉमा देतात. इथेही तो लोपच दाखवतो.

ऑनलाइन फॉर्म मात्र अनेकदा हे चिन्ह स्वीकारत नाहीत. त्यामागे तांत्रिक कारण आहे. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत हेच चिन्ह ‘मजकूर इथे संपला’ असे सांगते. प्रणाली नीट बांधलेली नसेल तर आडनाव मध्येच तुटते. याच फटीचा गैरफायदा घेऊन हॅकर्स हल्ले करतात. त्यावर अनेकांनी सोपा उपाय शोधला, चिन्हालाच बंदी. शिवाय युनिकोडमध्ये सरळ कॉमा आणि वळणदार कॉमा हे दोन वेगळे कोड आहेत. दिसायला जवळपास सारखे, पण शोध घेताना संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटू शकतात.

पासपोर्टच्या तळाशी असलेल्या, यंत्राने वाचायच्या ओळींत आंतरराष्ट्रीय नियमानुसार हे चिन्ह गाळलेच जाते. त्यामुळे एकाच माणसाचे आडनाव दोन कागदांवर दोन प्रकारे दिसते. अशांनी सर्व कागदपत्रांवर एकच रूप ठेवणे सोयीचे.

इंग्रजांना तरी हे जमते का?

फारसे नाही. जॉन रिचर्ड्स या निवृत्त ब्रिटिश पत्रकाराने २००१ मध्ये अपॉस्ट्रॉफी वाचवण्यासाठी चक्क एक संस्था काढली. २०१९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांनी ती बंद करत असल्याचे जाहीर केले. अज्ञान आणि आळस जिंकला, असे त्यांचे म्हणणे होते. बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेने २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवरून हे चिन्ह काढायचे ठरवले. ‘वॉटरस्टोन्स’ या पुस्तक दुकानांच्या साखळीने २०१२ मध्ये नावातला कॉमा काढला. वेब पत्ते आणि ईमेलच्या काळात ते सोयीचे, असे कारण दिले. याउलट केंब्रिजमध्ये रस्त्यांच्या नावांतून कॉमा गेल्यावर लोकांनी विरोध केला आणि २०१४ मध्ये निर्णय फिरवावा लागला.

मग चुकले तर लाजायचे का?

नाही. ही चूक बुद्धीची नाही, ऐकण्याचीही नाही. तीन अर्थांना एकच आवाज देणाऱ्या लेखनपद्धतीची आहे. मराठीत घाईने मेसेज टाइप करताना ‘मुलांचे’मधला अनुस्वार आपलाही राहतोच. म्हणून कुणी आपल्याला मराठी येत नाही असे म्हणत नाही.

तरीही हा फरक शिकायला हवा, कारण अर्ज वाचणारा, पेपर तपासणारा आणि करार लिहिणारा हे चिन्ह पाहतो. ज्या मुलाला षष्ठी, सामान्यरूप आणि अनुस्वार येतो, त्याला अपॉस्ट्रॉफीचे निम्मे काम आधीच येते. वर्गात कुणीतरी ते त्याला दाखवून द्यायला हवे.

तुम्हीही करून बघा

१. ‘दोन पीडीएफ पाठवल्या’ – कॉमा हवा का?
२. ‘महिलांचा डबा’ – “वुमेन”ला काय जोडाल?
३. ‘कंपनीने आपले नाव बदलले’ – “इटस” की “इट’स”?
४. ‘दोन आठवड्यांची नोटीस’ – “वीक’स” की “वीकस’”?
५. ‘आमच्या सरांची गाडी’ – “सर’स” की “सरस’”?

उत्तरे : १. नको, साधे अनेकवचन आहे. २. कॉमा आणि ‘एस’, म्हणजे “वुमेन’स”. ३. “इटस”, कारण ‘इट इज’ असे उलगडत नाही. ४. “वीकस’”, आठवडे दोन आहेत. ५. “सर’स”, आदर कितीही असला तरी सर एकच.